चादरीचा पीळ

मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालायची तर हनुवटी कामाला येते. दोन कोपरे दोन हातांत धरायचे, मधला काठ हनुवटीखाली दाबायचा, हात मिटायचे आणि खाली लोंबणारा भाग पायाखाली न येऊ देता वर ओढून घ्यायचा. भिंतीला हाताच्या उंचीवर एखादा हूक असेल तर मग विचारायलाच नको. धाकटी हे सगळं वयाच्या आठव्या वर्षापासून करत आली होती. दोन माणसांच्या पलंगाची चादर ती एकटी, कुणाला हाक न मारता, बघता बघता चौकोनी करून ठेवायची.

पंचाईत एवढीच होती, की लाँड्रीत हनुवटीला मनाई होती.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे गाड्या भरभरून यायचे. धुतलेली चादर कुणाच्या हनुवटीला लागली, की ती पुन्हा धुवायला. जमिनीला टेकली, तरी पुन्हा धुवायला. म्हणून घडीघरातलं सगळं काम जोडीने चालायचं. एक बाई टेबलाकडे पाठ करून उभी, दुसरी तिच्यासमोर, चादरीच्या पलीकडच्या टोकाला.

आता असं समोरासमोर उभं राहिलं, की एक गंमत होते. घरी कुणाला तरी समोर उभं करून तुम्हीही करून पाहा. एकीचा उजवा हात दुसरीच्या डाव्या हातासमोर येतो. म्हणजे पहिलीने उजवा हात डाव्यावर आणला, तर दुसरीने डावा हात उजव्यावर आणायला हवा. दोघींनीही उजवाच हलवला, तर चादरीला मधोमध पीळ पडतो आणि ती मिठाईच्या कागदासारखी दिसायला लागते. हे टाळायला घडीघराचा नियम होता. टेबलाकडे जुनी बाई, तिचा उजवा हात. समोर नवी, तिचा डावा. मुकादमबाई पहिल्या दिवशी हे सांगायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नवीच्या हाताला ते कळायचं.

धाकटीला कामाला लागून सहा आठवडे झाले होते. तिच्या चादरीला अजून पीळ पडत होता.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण घडीघरातल्या अकरा बायकांत ती सगळ्यांत लहान, तेवीस वर्षांची, तेव्हा पहिल्याच दिवशी ते चिकटलं. तिची जोडीदारीण पन्नाशीची होती आणि तिला सगळे रेडिओ म्हणायचे. कामावर येताना ती आधी ऐकू यायची आणि मग दिसायची.

"डावा गं बाई, डावा," रेडिओ म्हणायची. "डावा म्हणजे ज्या हाताने तू लिहीत नाहीस तो."

"हो."

"हो म्हणतेस आणि उजवा आणतेस. अगदी आमच्या ह्यांच्यासारखी."

धाकटी मान खाली घालून पीळ सोडवायची. पुढच्या चादरीला डावा हात, डावा हात असं मनात म्हणत उभी राहायची आणि जमायचंही. तीन चादरी जमायच्या, चार जमायच्या. मग रेडिओ काहीतरी सांगायला लागायची, मन तिकडे जायचं, आणि हात आपला मुकाट्याने उजवा.

तिचं दुसरं दुखणं याहून विचित्र होतं. लांबीची घडी झाली, की दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं आणि समोरचीने आपले कोपरे टेबलाकडचीच्या हातात द्यायचे. धाकटी चालत यायची ती नीट, पण शेवटच्या पावलाला तिचे डोळे मिटायचे. डोळे मिटले, की आपण हे काय करतोय असं वाटून ती दचकायची, कोपरे सुटायचे आणि अर्धी चादर जमिनीवर.

"मी काय चावते का?" रेडिओने एकदा विचारलं. "माझे दात तरी राहिलेत का चावण्याइतके?"

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, पण पडलेली चादर मळक्या ढिगात टाकायला गेली ती जरा वेळाने परतली.

सोमवारी तिने अर्ज दिला. लाँड्रीचं एक गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. फाटक्या, विरलेल्या चादरी तिथे जायच्या आणि त्यांची फडकी व्हायची. कामाला एकच माणूस. समोर कुणी नाही, जोडी नाही, बोलणं नाही. तिथली म्हातारी काम सोडून गेल्यापासून जागा रिकामी होती, कारण आपणहून तिथे जायला कुणीच तयार नव्हतं.

मुकादमबाईंनी अर्ज वाचला. "तिथे दिवसभर भिंती बघाव्या लागतील."

"चालेल मला."

"चालेल की हवंय?"

मुकादमबाईंनी अर्जाची घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली. "शुक्रवारी सांगते. तोवर डावा हात."

खरं तर धाकटीला ते गोदाम हवं होतं असं नाही. तिला फक्त कुणाची अडचण व्हायचं नव्हतं. ती सात वर्षांची असताना तिची आई आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. त्यानंतर घर सांभाळायला आत्या आली. आत्या प्रेमळ होती आणि कामात चोख होती. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने धाकटीला मांडीवर घेऊन सांगितलं, "बाबांजवळ आईचा विषय काढायचा नाही हं. त्यांना फार त्रास होतो." धाकटीने मान हलवली. लहान मुलं मोठ्यांनी सांगितलेलं विसरतात अशी आपली समजूत असते. नको ते सांगितलेलं मात्र ती जन्मभर पाळतात. धाकटीने सोळा वर्षं विषय काढला नाही. बाबांनीही काढला नाही. घरात आईचे चार फोटो होते, त्यांतल्या एकातही ती काही करत नव्हती, नुसती हात मागे घेऊन उभी होती.

आणि एक कात्री होती. आईची, काळ्या मुठीची. एकदा शाळेत रंगीत कागद कापून न्यायचे होते म्हणून धाकटीने ती काढली. कात्री कागद कापेचना. पात्यांच्या मध्ये कागद नुसता दुमडायचा. घरातली दुसरी कात्री मात्र सुरेख कापायची. आठ वर्षांच्या मुलीने यातून काय शिकावं? ती शिकली, की आईच्या वस्तू आपल्या हाताला वळत नाहीत, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. कात्री मात्र टाकवली नाही. घर सोडून या शहरात आली तेव्हा ती बॅगेच्या तळाशी होती.

इथे तिची एक खोली होती, खिडकीत एक कुंडी होती, आणि शेजारी चांगले होते असं ऐकून होती. बोलावलं की ती "पुढच्या वेळी नक्की" म्हणायची. शनिवार-रविवार ती कुणाशीच बोलायची नाही, त्यामुळे सोमवारी पहिला शब्द खरवडून काढावा लागायचा. ती दुःखी होती असं कुणी म्हटलं असतं, तर तिला पटलं नसतं. माणसं जवळ आली की आपल्या हातून काहीतरी सांडतं, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि घडीघरात त्याचा रोज पुरावा मिळत होता.

मंगळवारी घडीघर शांत होतं, कारण रेडिओची दाढ काढायची होती. धाकटी एकटीच अभ्रे लावत बसली होती. अकराच्या सुमाराला गाडीवाले काका आले. दवाखान्याच्या वीस चादरी घेऊन त्यांना लगेच निघायचं होतं, आणि त्यांतल्या आठ अजून घडीविना पडल्या होत्या.

"तुमचा रेडिओ कुठाय?"

"दुरुस्तीला गेलाय," टेबलामागून कुणीतरी म्हणालं.

"मग मी धरतो. तिकडे डॉक्टर माझी वाट बघत उभे असतील असं नाही, पण परिचारिका नक्की असतील." काकांनी हात धुतले, पुसले आणि टेबलाकडे पाठ करून उभे राहिले. "ये गं पोरी."

धाकटीने चादरीचं टोक उचललं. परक्या माणसासमोर पीळ पडणार या धास्तीने डावा हात, डावा हात हे म्हणायचंसुद्धा ती विसरली. दोघांनी चादर ताणली, झटकली, हात मिटले.

पीळ पडला नाही.

चादर दोघांच्या मध्ये सरळ, गुळगुळीत लोंबत होती. धाकटीने आपल्या हातांकडे पाहिलं. उजवा हात डाव्यावर आला होता. म्हणजे तिने चूकच केली होती, आणि तरी बरोबर आलं होतं. ते दोघं एकमेकांकडे चालत आले, तिने कोपरे त्यांच्या हातात दिले, खाली वाकून दुमड उचलली, पुन्हा दिली. दुसरी चादर. तिसरी. आठही चादरी कुणी काही न बोलता झाल्या, आणि एकीलाही जमीन लागली नाही.

"छान हात आहे तुझा," काका म्हणाले. "उगाच सगळ्या तक्रार करतात." गठ्ठा उचलून ते निघूनही गेले.

मुकादमबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्या जवळ आल्या. बत्तीस वर्षं त्यांनी बायकांचे हात बघितले होते.

"तुला घडी घालायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी एकटीच घालायचे."

"खोटं. एकट्या घडी घालणाऱ्या माणसाला चालत पुढे यायचं माहीत नसतं. तू येतेस. आता खाली वाकून दुमडही उचललीस, ती मी अजून शिकवलेलीच नाही. नव्यांना ती तिसऱ्या महिन्यात जमते." त्यांनी एक चादर उचलून तिच्या हातात टोक दिलं. "नीट ऐक. काका डावखुरे आहेत. त्यांना टेबलाकडे उभं केलं की त्यांचा डावा हात हलतो, नियम गेला खड्ड्यात. समोरच्या बायका दर वेळी गोंधळतात. तू गोंधळली नाहीस. तुझ्यासमोर लहानपणी कोण उभं राहायचं?"

धाकटीने हातातल्या टोकाकडे पाहिलं. तिला चादरीचा गार, ओलसर वास आला, आणि समोर, खूप उंचावर, दोन हात दिसले. बाकी काही नाही. चेहराही नाही.

"जो कोणी होता तो डावखुरा होता," मुकादमबाई म्हणाल्या. "तुझा हात चुकत नाहीये, पोरी. तो समोरच्या माणसाला सांभाळून घेतोय. फक्त ते माणूस इथे नाही."

जेवणाच्या सुट्टीत धाकटी मागच्या आवारात गेली. एरवी ती गरम पाइपाशेजारी पाठ टेकून एकटीच डबा खायची. आज डबा तसाच ठेवून तिने फोन लावला. तिचे बाबा सुतार होते. पलीकडून रंध्याचा आवाज आला, मग तो थांबला.

"दुपारी कसा फोन? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबा, एक विचारायचं होतं." ती थांबली. सोळा वर्षांचं कुलूप होतं, ते काही चटकन उघडेना. "तुम्हाला त्रास होणार असेल तर नका सांगू."

"अगं, विचार तर."

"आई डावखुरी होती का?"

पलीकडे रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला. आपण चूक केली, आत्याने सांगितलं होतं, असं तिच्या मनात येतंय तोच बाबांचा आवाज आला. तो रडवेला नव्हता. चांगला मोकळा होता.

"डावखुरी? पक्की डावखुरी. स्वयंपाकघरातलं कपाट आठवतंय? दार उलट्या बाजूने उघडतं म्हणून सगळे मला हसायचे, सुतार चुकला म्हणायचे. मी चुकलो नव्हतो. तिच्यासाठी लावलं होतं तसं. पण तुला कुणी सांगितलं?"

"चादरीने," धाकटी म्हणाली, आणि मग तिने पीळ, रेडिओ, काका, सगळं सांगितलं. इतकं लांबलचक ती बाबांशी कधी बोलली नव्हती.

"तर तर," बाबा म्हणाले. "तुमची दोघींची जोडी होती. तुझे हात पुरायचे नाहीत, तर तू स्टुलावर उभी राहायचीस आणि मग उडी मारून तिच्याकडे पळायचीस. घडीसाठी नाही हं पळायचीस. कोपरे दिलेस की ती तुझ्या कपाळावर फुंकर मारायची. त्या फुंकरीसाठी. तू आधीच डोळे मिटून घ्यायचीस."

धाकटी पाइपाला टेकली.

"आहेस ना?"

"आहे."

"तू कधी विचारलंच नाहीस. मला वाटलं, विसरली असेल."

"आत्याने सांगितलं होतं, तुमच्याजवळ विषय काढायचा नाही म्हणून."

"तुला?" बाबा म्हणाले. "मला म्हणाली होती, पोरीजवळ विषय काढू नकोस. ती सावरतेय, तिला सावरू दे."

"दोघांनाही?"

"दोघांनाही. एकाच दिवशी सांगितलं असणार. तुझी आत्या एक काम अर्धवट ठेवेल तर शपथ."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. आत्याच्या प्रेमात खोट नव्हती हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे हसण्यात राग नव्हता. पण सोळा वर्षं एकमेकांना जपण्यासाठी एकाच घरात दोन माणसं ओठ मिटून बसली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचाच गप्प आहे. हसता हसता धाकटीचे डोळे भरून आले, ते तिने बाहीने पुसले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा बाबा अजून सांगत होते. आई उलट्या हाताने स्क्रू पिळायची. आईला शिट्टी वाजवता यायची. आई पत्त्यांत राजरोस फसवायची.

"रविवारी करशील फोन?" त्यांनी विचारलं. "अजून पुष्कळ आहे."

त्या संध्याकाळी खोलीवर आल्या आल्या, चपला न काढताच, तिने बॅगेच्या तळातून काळ्या मुठीची कात्री काढली. टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र घेतलं. कात्री उजव्या हातात धरली. कागद दुमडला, नेहमीसारखा. मग तिने कात्री डाव्या हातात घेतली. मूठ हाताला अशी चपखल बसली, की तिला हसू आलं. डाव्या हाताला सवय नव्हती, त्यामुळे रेघ वाकडीतिकडी गेली. पण कात्री कापत होती. कर्र, कर्र, मोठ्या तोऱ्यात कापत होती. धाकटीने सगळ्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या केल्या. त्यांचं पुढे काय करायचं हे काही तिला सुचलं नाही.

शुक्रवारी ती लवकर पोचली आणि थेट मुकादमबाईंकडे गेली.

"बाई, तो माझा अर्ज."

मुकादमबाईंचा चेहरा कधी नव्हे तो ओशाळला. त्यांनी ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि एक पांढरा, कडक, सुपारीएवढा गोळा टेबलावर ठेवला. "बुधवारी ॲप्रन धुवायला टाकला," त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा घडीघराच्या दाराकडे गेल्या. त्या दारावर मुकादमबाईंच्याच हाताने लिहिलेली पाटी होती: धुवायला टाकण्यापूर्वी खिसे तपासा. त्याच्याखाली दोन रेघा.

"एक अवाक्षर काढाल तर बघा," मुकादमबाई सगळ्यांना म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "दुसरा लिहून दे. आजच वर पाठवते."

"नको," धाकटी म्हणाली. "मी तो परत मागायलाच आले होते."

मुकादमबाईंनी तिच्याकडे पाहिलं, गोळा उचलला आणि कचऱ्यात टाकला. "मग उभी काय राहिलीस? डावा हात."

रेडिओ आली होती. गाल सुजलेला होता, त्यामुळे आवाज अर्ध्यावर होता, पण बंद नव्हता. दोघींनी पहिली चादर उचलली, ताणली, झटकली.

"थांब," धाकटी म्हणाली. चादर हातात असताना तिने स्वतःहून उच्चारलेला हा पहिला शब्द असावा, कारण रेडिओ खरंच थांबली. "माझा उजवा हातच आधी येणार आहे. मला सवय लागेपर्यंत तू दर वेळी नुसतं 'डावा' म्हणशील? मी विसरले तरी?"

"मी बोलत राहू, असं तू मला विचारतेयस?" रेडिओ म्हणाली. "हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. डावा."

डावा हात उजव्यावर आला. चादर सरळ लोंबली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, आणि शेवटच्या पावलाला धाकटीचे डोळे मिटले. पण आता ती दचकली नाही. ते का मिटतात हे तिला ठाऊक होतं. मिटल्या डोळ्यांनी तिने कोपरे पुढे केले, रेडिओच्या बोटांनी ते घेतले, मग तिने सोडले.

"झोपलीस का उभ्या उभ्या?"

तेव्हा धाकटीने सांगितलं. आई, स्टूल, उडी, फुंकर. काम चालू ठेवूनच सांगितलं, मध्ये मध्ये "डावा" येत होतं. सांगून होईपर्यंत सहा चादरी झाल्या आणि सातवीला पीळ पडला. तो या वेळी रेडिओच्या हातून पडला होता, कारण तिने नाक पुसायला हात सोडला होता.

"कापूस उडतोय गं हवेत," रेडिओ म्हणाली. हवेत साबणाशिवाय काही नव्हतं. पीळ सोडवून ती पुन्हा उभी राहिली. "दुपारी डबा घेऊन आमच्या टेबलावर ये. त्या पाइपाशी बसून तू उकडून निघशील एक दिवस."

"येते," धाकटी म्हणाली. पुढच्या वेळी नक्की, हे तिच्या जिभेवर आलंच नाही.

दोघी चालत आल्या. धाकटीने डोळे मिटले आणि कोपरे दिले.

"आणि फुंकर हवी असेल तर आत्ता मागून घे," रेडिओ म्हणाली. "दुपारी डब्यात कांदा आहे."